बचनकौर पायाशी वाकली तेव्हा

फिरोजपूर, माघ महिना, १९४४

सापगावच्या घरी चि. सौ. जनीस,

मी लेकाकडं, दामूकडं बरी हाय. थंडी हाडं फोडते, पण रजई जाड हाय. नाचणी इथं कुणी ओळखत नाय. काय करणार, गहू चावते.

शेजारी सरदारांचं घर हाय. त्यांची सून बचनकौर रोज सकाळी ‘पैरी पौणा, बेजी’, म्हंजे पाया पडते आई, असं म्हणत माझ्या पायाशी वाकते. आपण डोक्यावर हात ठेवून ‘बुढ सुहागण हो’ म्हणायचं, तवा ती उठते. म्हातारी होईस्तोवर तुझा नवरा राहो, असा अर्थ. दामूनं मला तेवढंच शिकवलं.

परवा तार आली. तिचा नवरा ब्रह्मदेशाच्या लढाईत गेला.

काल सकाळी पोर तशीच येऊन वाकली. मी डोक्यावर हात ठेवला. येतं ते बोलवेना, दुसरं येत नाय. ती उठेना. तिची सासू दारात उभी. शेवटी मी आपल्या बोलीत म्हणले, ‘ऊठ गो, चार घास खा.’ तिला काय कळलं देव जाणे. आज आली नाय.

तुझ्या नवऱ्याचं, कुंडलिकचं पत्र आलं का? तोही त्याच बाजूला हाय म्हणून विचारते. तू उगा घाबरू नको, लढाईतलं टपाल उशिराच येतं. आलं की त्याच दिवशी कळव. गाय व्याली का, ते मागाहून लिही.

इथं खाली तुला आशीर्वाद लिहायचा असतो. मघापासून टाक धरून बसले हाय.

तुझी आजेसासू,
सकुबाई