गिटारमागची घूं

२ एप्रिल, बुधवार

पुन्हा तेच! तार आत्ता छेडते, कानात आवाज नंतर येतो. त्याची वाट बघत वाजवलं की हात मंदावतो. मग गाण्याची नुसती बैलगाडी होते.

शाळेची अट तशी साधी आहे. नाशिककडची निवासी शाळा, संगीत शिक्षकाची जागा. सलग पंधरा मिनिटं गिटार वाजवून पाठवायचं. मध्ये कापाकापी नको, मागे दुसरा कुठला आवाज नको. पंधरा तारखेच्या आत. सत्ताविसावं लागलं मला. वर्षभर अर्ज करतेय, उत्तर आलेली ही पहिलीच शाळा. घरी अजून काही बोलले नाही.

३ एप्रिल

पुसदला आसिमला फोन केला. गिटार, आणि गिटारची केबल जिच्यात खुपसायची ती लाल डबी, दोन्ही त्याच्याच दुकानातून जुनी घेतलेली. म्हणाला, "हेडफोन कोणता लावून राह्यली?" ब्लूटूथवाला, म्हटलं. पठ्ठ्या किती वेळ हसत होता! "अवं, तो आवाज हवेतून फिरून येते. वायरचा लाव आधी!"

वायरचा लावला. निम्मा उशीर गेला. माझी अक्कल!

४ एप्रिल, शुक्रवार

उरलेला निम्माही गेला. कॉम्प्युटर आवाज थोडा थोडा साठवून मग पुढे ढकलतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. माझा १०२४ वर होता. १२८ वर आणला. ६४ वर नेला तर तडतड सुरू झाली, मुकाट्याने परत १२८. डबीचं स्वतःचं सॉफ्टवेअरही टाकलं. आता छेडलं की वाजतं! आवाज एकदम साफ. मागे काही म्हणजे काही नाही.

गिटारचा पट्टा सुटला होता, तो बाबांनी पांढऱ्या सुती दोऱ्याने बांधून दिला. बशीरचाचाची गाठ — दोन वेढे सुलटे, एक उलटा. बशीरचाचा म्हणजे आसिमचे आजोबा. त्यांच्याच दुकानात बाबा मोटर भरायला, म्हणजे जळालेल्या कॉइलच्या जागी नव्या तारेचे वेढे घालायला शिकले; आता घरापुढे त्यांचं स्वतःचं दुकान आहे. चाचा गेल्यापासून दिग्रसमध्ये ती गाठ बाबाच बांधतात. मलाही शिकवली आहे, पण माझी ढिली पडते.

६ एप्रिल, रविवार

सांगून टाकलं. जेवताना. शाळा, नोकरी, मागे आवाज नको ही अट, सगळं.

आई म्हणाली, "एवढ्या दूर? यवतमाळात नाही काय शाळा?" बाबांनी लोणचं मागितलं. जेवण झाल्यावर टॉर्च घेऊन मागच्या अंगणात गेले. "घूस निघाली असन," आई म्हणाली.

मला माहीत आहे त्यांच्या मनात काय आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय. बारीक तार दिसत नाही. दोन वर्षं झाली, कॉइलचे वेढे मीच मोजते. मी गेले की कोण मोजणार? हे ते कधी बोलून दाखवणार नाहीत. मीही विचारणार नाही. पण मला जायचंय! जायचंयच!

७ एप्रिल

घूंऽऽऽ.

सकाळपासून. गिटारमागे एक जाड, न थांबणारा आवाज. तारांवर हात ठेवला की कमी होतो, उचलला की पुन्हा. शुक्रवारी नव्हता! माझ्याच सेटिंगमध्ये काहीतरी बिघडलं असणार. बफर परत १०२४ केला. घूं तशीच. वर उशीर परत आला.

८ एप्रिल

केलेल्या गोष्टी: सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. मोबाईल लांब ठेवला. ट्यूबलाइट, पंखा बंद. खोली बदलली. घूं.

बाबांना बोलावलं. मोटर सुरू केली की नुसती ऐकून, कुठली कॉइल जळाली ते सांगणारा माणूस! हेडफोन कानाला लावून जरा वेळ उभे राहिले. म्हणाले, "मोटर असती तं सांगतलं असतं. कॉम्प्युटरचं मले काय समजते?" आणि दुकानात निघून गेले.

दोन मिनिटंही थांबले नाहीत. वाईट वाटलं.

१० एप्रिल, गुरुवार

आसिम म्हणाला, "चार्जर काढून पाय." काढला — शांत! एकदम शांत! मी खोलीत उडीच मारली. चार मिनिटांनी लॅपटॉप बंद. बॅटरी म्हातारी झाली आहे, नवी मागवली तर पंधराच्या आत येत नाही.

म्हणजे घूं भिंतीतल्या विजेतून येते. लॅपटॉपच्या कडेला मनगट टेकलं की बारीक झिणझिण्याही येतात. आसिम म्हणाला, "आर्थिंग पाय घरचं. नागोरावकाकाले विचार, त्यायच्याएवढं कोणाले समजते!"

नागोरावकाका म्हणजे बाबाच. गळकी वीज जमिनीत नेणाऱ्या त्या तारेचं त्यांना विचारलं. कॉइल बांधता बांधता, मान वर न करता — "आर्थिंगले काय झालं? मागच्या सालीच मीठ-कोळसा भरला खड्ड्यात." बाबांनी सांगितलं म्हणजे झालं. तो विषय संपला.

११ एप्रिल

एक बाई पाणबुडी मोटर घेऊन आल्या. दुपारभर वेढे मोजले. बाबा शेजारी बसून होते. मध्येच म्हणाले, "तिकडं थंडी लय असते म्हणते." एवढंच.

मेलला चिडून "जमणार नाही" लिहिलं होतं. पाठवलं नाही. चार दिवस आहेत.

१२ एप्रिल, शनिवार



ऊन भयंकर. आई कूलरमध्ये पाणी टाकायला गेली. लोखंडी कूलर, खाली फरशी ओली, पाय अनवाणी. एकदम "आई गं!" ओरडली. बादली आदळली. मी खोलीतून धावले, पण माझ्याआधी बाबा दुकानातून धावत आले आणि मेन स्विचच पाडला. आई भिंतीला टेकून बसली होती. "काही नाही झालं, मुंग्या आल्या नुसत्या," म्हणत होती. नशीब, हात लगेच सुटला. दरवर्षी कुठे ना कुठे कूलरला चिकटून माणूस गेल्याची बातमी असते. आमच्या घरात होता होता राहिलं.

बाबांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. पांढराफटक. आईचा हात धरून बसले, सोडेचनात. आईच त्यांची समजूत काढत होती! "मले काही झालं काय? तुमी काहून रडून राह्यले?"

जेवले नाहीत. मेन स्विच संध्याकाळपर्यंत चालू करू दिला नाही. कूलरचा पंप बदलला, मग मागच्या अंगणात बराच वेळ होते. कूलरचं पाणी उपसत असतील.

मी गिटारला हात लावला नाही. डबीची केबल तेवढी बदलून ठेवली.

१३ एप्रिल, रविवार

गेली! घूं गेली!!

चार्जर लावलेला, बफर १२८, छेडलं की वाजतं आणि मागे काही नाही. तीनदा हेडफोन काढून पुन्हा लावला. विश्वासच बसेना. केबलच खराब होती म्हणजे! आसिमला कळवलं तर म्हणतो, "केबलनं झिणझिण्या कशा जाईन?" जाऊ दे, गेल्या ना!

उद्या आंबेडकर जयंतीची मिरवणूक, दिवसभर डीजे. म्हणजे आजच. दुपारी दोनला बसले. कूलर बंद, पंखा बंद. आई ओला पंचा डोक्यावर घेऊन हॉलमध्ये न हलता बसली. बाबांनी आपणहून शटर खाली ओढलं आणि बाहेर पायरीवर बसले, गिऱ्हाईक आलं तर हाताने थांबवायला. त्या उन्हात!

पहिल्या वेळी नवव्या मिनिटाला कुकरची शिट्टी. शेजारची. दुसऱ्या वेळी सलग पंधरा मिनिटं. एक सूर जरा घसरला, पण राहू दे.

बाहेर गेले तर बाबांचा शर्ट घामाने चिंब. "झालं?" — झालं. "आवाज साफ आला?" — एकदम साफ. मान डोलावली आणि पाणी प्यायला गेले. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत.

पाठवलं.

५ मे

मेल आला. निवड झाली! १६ जूनला हजर व्हायचं.

आईने साखर वाटली आणि आत जाऊन रडली. बाबा म्हणाले, "तिथं कूलर असला तं आधी टेस्टर लावून पायजो." बॅगेत टेस्टर टाकलाही.

१३ जून, शुक्रवार

उद्या निघायचं. कूलर रिकामा केला. ते पाणी दर वर्षी आर्थिंगच्या खड्ड्यात ओततो, माती ओली राहावी म्हणून. मागे जाऊन पत्रा उचलला.

जुनी हिरवट पडलेली तांब्याची तार. मध्येच एक नवा जोड. तुटलेली तार टोकाला ओढल्यासारखी बारीक होते. ही टोकं सपाट होती, कटरने कापलेली. वर पांढरा सुती दोरा. दोन वेढे सुलटे, एक उलटा.

सहा एप्रिल, टॉर्च. सात एप्रिल, घूं. बारा एप्रिल, संध्याकाळ. तिथेच उभी राहिले. राग आला. खूप आला. आईचं काय झालं असतं!

"काय पाहून राह्यली?" बाबा दारात होते. डावा डोळा बारीक करून माझ्याकडेच बघत होते.

"काही नाही. पाणी टाकून राह्यले."

पायरी उतरून माझ्याजवळ आले. मग म्हणाले, "टाक. मी बी टाकत जाईन रोज."