एकशे एकतिसावी फेरी

ब्रायर फोर्क, उत्तर कॅरोलायना
सोमवार दुपार

प्रिय नेल्डा,

हे पत्र लिहायला मी तिसऱ्यांदा बसते आहे. पहिल्यांदा बसले आणि उठून स्वयंपाकघरातलं कपाट पुसून काढलं. दुसऱ्यांदा बसले आणि डॉर्सी गेला तेव्हा चर्चमधल्या बायकांनी जेवण घालून आणलेली भांडी मार्चपासून पडून होती, ती घरोघरी पोचवून आले. त्याला जाऊन सहा महिने झाले, तरी मला एका जागी दहा मिनिटं बसवत नाही. वेंडेल म्हणतो, "आई, तू घरात चालतेस तेवढं रस्त्यावर चाललीस तर टेनेसीला पोचशील." टेनेसीचं नाव त्यानं सहज घेतलं. तू तिथे आहेस हे त्याच्या ध्यानातही नसेल.

बातमी अशी की आपला मोटारशर्यतींचा ट्रॅक पुन्हा सुरू होतोय. बेचाळीस वर्षांची केंड्रा बर्ड नावाची बाई आहे, तिनं आणि तिच्या भावांनी मिळून गवत काढलं, कुंपण उभं केलं, नवं डांबर टाकलं. प्रेक्षकांच्या पायऱ्यांमागे लांब भिंत आहे ना, तिच्यावर दर वर्षाच्या मोठ्या शर्यतीचा विजेता रंगवायचं चाललंय. रंगारी शुक्रवारी एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या ओळीवर येईल. शनिवारी उद्घाटन आहे. जुन्या लोकांपैकी कुणीतरी माईकवर दोन गोष्टी सांगाव्यात म्हणून केंड्रा माझ्याकडे आली. तू आणि तुझा लाइल पहिल्या रांगेत बसणार आहात हेही तिनंच सांगितलं. चौऱ्याहत्तरच्या ओळीवर डॉर्सी टीग लिहायचं की लाइल हनीकट, याचं खरं उत्तर एकट्या माझ्याकडे आहे. आणि डॉर्सीनं जन्मात मोठी शर्यत जिंकली ती तेवढी एकच.

केंड्रानं मला कागदावर एक यादी लिहून दिली होती, या खेळातल्या आठवणीत राहिलेल्या प्रसंगांची. तिच्या हिशेबानं मी त्यातलं काही सांगावं. एकोणपन्नास सालची शार्लटची शर्यत त्यात होती, पहिल्या आलेल्या गाडीला तपासणीनंतर बाद केलं ती. चोरट्या दारूच्या खेपा ओढता याव्यात म्हणून तिच्या मागच्या स्प्रिंगा घट्ट केलेल्या निघाल्या. डॉर्सीचे वडील त्या दिवशी कुंपणाशी उभे होते. ते म्हणायचे, "दारू वाहिलेली गाडी नको म्हणे! मग त्या मैदानात उरलं असतं कोण, पाद्री?" एकोणसाठची डेटोनाची शर्यतही होती. दोन गाड्या एकदम रेषेवर आल्या, एकाला विजेता म्हणून जाहीर केलं, आणि फोटो तपासता तपासता तीन दिवसांनी दुसऱ्याला. आणि एकोणऐंशीची, अर्धा देश बर्फानं घरात कोंडलेला होता आणि टीव्हीवर शेवटच्या फेरीत पहिले दोघे एकमेकांवर आदळून गवतात गेले, तिसराच जिंकला आणि हे दोघे हेल्मेट हातात घेऊन मारामारीला भिडले. आमच्या घरी त्या दिवशी अकरा माणसं होती. डॉर्सी बोलोनाचं सँडविच हातात धरून ओरडला, "अरे, यात विशेष ते काय? आपल्याकडे तर हे दर शनिवारी फुकट दाखवतात!"

यादी वाचून मी केंड्राला म्हटलं, या सगळ्यांत निकाल मागाहून बदललाय किंवा भलत्याच्याच पदरात पडलाय, पाहिलंस का? ती म्हणाली, "म्हणून तर लोकांच्या लक्षात राहिलं, मिसेस टीग." मी तिला आणखी गोड चहा हवा का विचारलं.

मी तिला दुसरंच काहीतरी सांगत बसले. बहात्तरमध्ये शेवटच्या फेरीत डॉर्सीचं पेट्रोल संपलं आणि लाइलनं मागून आपला बंपर लावून त्याला ढकलत ढकलत रेषेपार नेलं, ते. त्यापायी लाइलचा तिसरा नंबर हुकला. लाइल गाडीतून उतरून म्हणाला, "टीग, पुढच्या वेळी घोडा तरी जोडून आण." डॉर्सी म्हणाला, "आणला होता की, मागून ढकलत होता तो!" त्या रात्रीचं जेवण आपण चौघांनी तुमच्या ट्रकच्या मागच्या फळीवर बसून केलं होतं. तेव्हा आपल्यातल्या कुणालाच वाटलं नसेल की आपण पन्नास वर्षं एकमेकींना ख्रिसमसचं कार्डही पाठवणार नाही.

मग तिनं विचारलं, फेऱ्या मोजायचं काम बायका करायच्या हे खरं का? आता गाडीत यंत्र असतं, रेषा ओलांडली की आपोआप नोंद होते. मी सांगितलं, खरं आहे. प्रत्येक गाडीनं आपला मोजणारा आणायचा असा नियम होता, आणि नवऱ्याच्या गाडीवरून डोळा न हलवणारं माणूस बायकोशिवाय कोण मिळणार? समोर मोठं घड्याळ, मांडीवर चौकोन आखलेलं कार्ड. गाडी समोरून गेली की घड्याळातली वेळ पुढच्या चौकोनात लिहायची. दोनशे फेऱ्या, दोनशे चौकोन. शिंक आली तरी डोळे उघडे ठेवून द्यायची. केंड्रा हसली आणि म्हणाली, "आणि बाथरूमला जायचं असलं तर?" मी म्हटलं, जायचं नाही. पेन्सिल दुसरीच्या हातात देणं नियमात बसत नव्हतं, सापडलं तर दोन्ही गाड्या बाद. पण शेजारणीवर कार्ड सोपवून सगळ्याच बाया जायच्या, आणि कुणीच कुणाचं नाव सांगायची नाही, हे मी तिला सांगितलं नाही. इथे येऊन माझं बोलणं थांबलं. ती गेल्यावर मी अंगणात जाऊन उगाच नळी इकडून तिकडे ओढत राहिले.

आता त्या दिवसाचं लिहिते. तुला ठाऊक आहे ते आधी, ठाऊक नाही ते नंतर.

एकशे अठ्ठाविसाव्या फेरीला तू माझा दंड धरलास. तुझ्या बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत राहिले होते. माझ्या कानाशी येऊन तू म्हणालीस, "आर्डिथ, मला रक्त जातंय. लाइलला नाही, कुणालाच नाही. शपथ घे." मी शपथ घेतली. तुला तिसरा महिना होता. आधी दोनदा मूल पोटातच गेलेलं असल्यामुळे या वेळी नीट खात्री झाल्याशिवाय लाइलला सांगायचंच नाही असं तू ठरवलं होतंस. त्या शर्यतीनंतर सांगणार होतीस. तू स्वेटर कमरेला बांधून पायऱ्या उतरलीस आणि तुझं कार्ड माझ्या मांडीवर आलं.

तीन फेऱ्या मी दोन्ही कार्डं बरोबर लिहिली. पुढे लाइल, त्याच्या मागे डॉर्सी. मग तिसऱ्या वळणावर एका पोरसवदा ड्रायव्हरची गाडी भिंतीला लागून आडवी झाली आणि सगळा ट्रॅक धुरानं भरला. लाइल धुराच्या अलीकडून निसटला. डॉर्सी धुरात शिरला आणि बाहेर येईना. मी उभी राहिले, नेल्डा. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच उभी राहिले. डॉर्सीची गाडी बाहेर आली, रेषेवरून गेली, मी त्याची वेळ लिहिली, आणि मग खाली बसले. लाइल त्याच्याआधीच माझ्या डोळ्यांसमोरून गेला होता. त्याचा चौकोन कोराच राहिला.

सावधानीचा पिवळा झेंडा पडला, सगळ्या गाड्या चाकं बदलायला थांबल्या. दोन्ही कार्डं शेजारी शेजारी होती. डॉर्सीच्या कार्डावर एकशे एकतीस फेऱ्या, लाइलच्या कार्डावर एकशे तीस. मला तेव्हाच दिसलं. मागाहून कळलं असं नाही, तेव्हाच. खाली उतरून मोजणीच्या मुख्य माणसाला सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण दुसरीचं कार्ड माझ्या हातात का, असं त्यानं विचारलं असतं, दोन्ही गाड्या बाद झाल्या असत्या, आणि तू कुठे आहेस हेही सांगावं लागलं असतं. मी स्वतःला म्हटलं, शपथ आहे. तू परत आलीस, तोंड कागदासारखं पांढरं. तू विचारलंस, "बरोबर आहे ना गं सगळं?" मी म्हणाले, "बरोबर आहे." नेल्डा, त्या क्षणी मला शपथ आठवत नव्हती. मला डॉर्सी पुढे दिसत होता.

पुढचं साऱ्या ट्रॅकनं पाहिलं. शर्यत संपल्याचा चौकटीचा झेंडा लाइलनं आधी घेतला आणि फलकावर नाव डॉर्सीचं. दोन्ही गाड्या विजेत्याच्या जागी नाकाला नाक लावून उभ्या. दोन तास कार्डं तपासली. लाइलच्या कार्डावर एका ठिकाणी दोन वेळांमधलं अंतर फार मोठं होतं. अधिकारी म्हणाले, गाडी चाकं बदलताना एवढा वेळ थांबली असणार. लाइलचा मेकॅनिक टोपी आपटून म्हणाला, वीस सेकंदांच्या वर थांबलो असलो तर माझे हात तोडा. मग लाइल तुझ्याकडे वळला. सगळ्यांसमोर. "दोनशेपर्यंत आकडे येत नाहीत तुला? कोंबडी बसवली असती तिथे तरी तिनं टोच मारून मोजलं असतं! कुणाशी गप्पा हाणत होतीस गं?" तू स्वेटरची गाठ धरून उभी राहिलीस. मी तुझ्यापासून चार हातांवर होते, आणि डॉर्सीनं मला उचलून घेतलं होतं.

तू त्याला बाळाचं कधीच सांगितलं नाहीस, हे मला तुझ्या बहिणीकडून कळलं. आणि ती फेरी आपल्याच हातून चुकली, परत आल्यावर घेरी येत होती तेव्हा, असं तू धरून चाललीस. तुझ्या शेवटच्या पत्रात तू माझी माफी मागितली होतीस. मी त्याला उत्तर दिलं नाही. उत्तर का नाही म्हणून तू काय काय समजलीस, तुझं तुला माहीत. मी तुझं गुपित सांभाळते आहे असं स्वतःला सांगत आले. खरं तर तुझ्या गुपितामागे मी लपले होते.

डॉर्सीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ते एकदा पक्कं लिहू दे. लाइल चाकं बदलताना पिटमध्ये अडकला असंच तो शेवटपर्यंत समजला. वाद निघाला की म्हणायचा, "कार्ड खोटं बोलत नाही, आणि माझ्या बाईच्या शेजारी ठेवलेलं कार्ड तर नाहीच." लोक हसायचे. मी ताटं उचलून आत जायचे. शेवटच्या आठवड्यात ऑक्सिजनच्या नळीतूनही त्यानं नर्सला ती शर्यत सांगितली. मी तेव्हाही गप्प राहिले, आणि तेवढं गप्प राहणं मात्र मला चुकीचं वाटत नाही.

मग दफनाच्या दिवशी तुम्ही दोघं आलात. लाइल टोपी हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला, त्याचे डोळे खरोखर भरले होते. म्हणाला, "आर्डिथ, भला माणूस होता. मला एकदाच हरवलं त्यानं, आणि तेही माझ्या बायकोच्या कृपेनं." भोवतालचे चार लोक हसले. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पन्नास वर्षांच्या सवयीचा विनोद होता. तू हसलीस, नेल्डा, आणि खाली आपल्या बुटांकडे पाहिलंस. किती वेळा पाहिलं असशील असं? दर पिकनिकला, दर लग्नात? तेव्हापासून मला बसवत नाही. लोक समजतात मी डॉर्सीसाठी झुरते. झुरतेच. पण रिकाम्या खुर्चीपाशी बसता येतं. तुझी मान खाली गेलेली दिसली की उठावं लागतं.

काल वेंडेलला सगळं सांगितलं. तो मग म्हणाला, "बाबांचं एवढंच होतं, आई. तेही काढून घेणार?" मी म्हटलं, त्यांचं नव्हतंच रे ते. तो दार आपटून गेला. आज सकाळी मी ट्रॅकवर जाऊन केंड्राला सांगून आले की डॉर्सीचं नाव रंगवायचं नाही. ती म्हणाली, "मग काय लिहू?" मी म्हटलं, शनिवारी सांगते. हे तुझ्या परवानगीवर सोडलेलं नाही. ते नाव माझ्या घरातलं होतं, मी काढून घेतलं.

पत्र लिहिते आहे ते पुढच्या गोष्टीसाठी. शनिवारी माईक हातात घेऊन मी एवढंच सांगणार आहे की एकशे एकतिसाव्या फेरीला लाइल हनीकटच्या कार्डावरची पेन्सिल माझ्या हातात होती, माझ्याकडून ती फेरी लिहायची राहिली, मला ते तिथेच कळलं, आणि मी गप्प बसले. लाइल जिंकला होता आणि नेल्डाची काहीही चूक नव्हती. का, कशी, यातलं एक अक्षर माझ्या तोंडून निघणार नाही. शपथ अजून आहे. पण मी बोलून खाली बसले की लाइल तुझ्याकडे वळेल आणि विचारेल, मग तू होतीस कुठे? पन्नास वर्षांत त्यानं कधी न विचारलेला हा प्रश्न माझ्यामुळे तुझ्यासमोर येणार, आणि भोवती पुन्हा तेच सगळे लोक असतील. मागच्या वेळी तो तुझ्यावर ओरडला तेव्हा तू बेसावध होतीस. या वेळी तसं होऊ नये. गुरुवारपर्यंत हे पत्र तुझ्या हाती पडेल. घरी, तुझ्या स्वयंपाकघरात, तुला हवं असेल तर तू त्याला आधी सांग. नको असेल तर सांगू नकोस, आणि शनिवारी येऊच नकोस. आलीस आणि त्यानं विचारलं, तर मी तुझ्या शेजारी येऊन उभी राहीन. या वेळी चार हातांवर नाही.

तुला अजून चालत असेल तर तुझीच,
आर्डिथ