रंगनाथची गाडी

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

आज रुजू झालो. सकाळी निफाडहून पिकअपमध्ये पत्र्याची पेटी, वेल्डिंगचा सेट आणि घडीची खाट टाकून निघालो, तो जेवणाच्या आत दिंडोरी रस्त्यावरच्या या शेडमध्ये. शेड द्राक्षांच्या पॅकिंगची. हंगाम अजून लांब आहे, म्हणून मालकानं ती जुन्या बसच्या हौशी मंडळींना दसऱ्यापर्यंत वापरायला दिली आहे. एका भिंतीला रिकामे क्रेट, मधोमध बस, कोपऱ्यात काचेची केबिन. केबिनमध्ये माझी खाट. पडल्या पडल्या अख्खी गाडी दिसते. याहून चांगली जागा मला कुणी दिली नसती.

गाडी नाशकातली शहर बस, लाल-पिवळी, निमाणी ते सातपूर आयुष्य काढलेली. मंडळींनी ती भंगाराच्या लिलावातून सोडवली. पत्रा बरा आहे, तळाच्या फळ्या कुजल्या आहेत, खिडक्यांची रबरं गेली आहेत. मी काही आयटीआय केलेला माणूस नाही. ट्रॉल्या बांधता बांधता, दुसऱ्याच्या गाड्यांखाली झोपून शिकलो. पण कुठला रिवेट कारखान्याचा आणि कुठला डेपोतल्या दुरुस्तीचा, हे मी बोट फिरवून सांगतो. मंडळाची प्रमुख निकिता, गंगापूर रोडची, आर्किटेक्ट. तिला दाखवून दिलं की मागचा बंपर दुसऱ्याच गाडीचा आहे. ती म्हणाली, हिरामणकाका, तुम्ही आधी का नाही भेटलात! वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवतो.

ठरलं असं: गाडी कारखान्यातून निघाली तशी दिसली पाहिजे. दसऱ्याला माळ घालून पंचवटीपर्यंत न्यायची. चालवणार कोण ते बोलणं निघालं नाही. निघायची गरजही नाही.

शेजारच्या झेंडूच्या वावरातल्या बाई कुंपणापाशी येऊन सांगून गेल्या की मिस्तरी, पितृपक्ष लागला, नवं काम धरू नये. मी म्हटलं, काम जुनंच आहे, चाळीस वर्षं मिस्त्रीच आहे मी. हसल्या.

११ सप्टेंबर, गुरुवार

त्या बाईंचं नाव कुसाबाई. त्यांचा नवरा रंगनाथ, ही बस चालवायचा. रिटायर होईपर्यंत हीच गाडी, दुसरी घेतली नाही म्हणे. आज आला. पायात स्लीपर, डोक्याला टोपी. मला रामराम न करता आधी बसच्या बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, ‘काय बाई, बरी हायेस का?’

मी सकाळपासून सेल्फ मारून थकलो होतो. डिझेलची लाइन साफ केली, बॅटरी नवी, तरी गाडी नुसती खोकत होती. हा चढला, बसला, आणि पहिल्या सेल्फला सुरू. अर्थात लाइन मी साफ केली म्हणून झाली. तसं त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘व्हय, तेबी हायेच.’

माझी सवय आहे, मी घडवलेल्या प्रत्येक भागावर आतल्या बाजूला अक्षरांच्या पंचानं ‘हिरामण’ ठोकतो. तळाच्या पहिल्या फळीच्या पट्टीवर ठोकत होतो, तर रंगनाथ वाकून बघू लागला. म्हणाला, नाव नको ठोकू दादा, बाई लय धरून ठेवती. आमच्या डेपोत कुणी तिच्यावर नाव घालीत नव्हतं. माझं तर नुसतं अंग लागलं तिला, तरी सुटंना.

पोटात दुखलं त्याच्या, दुसरं काय.

१४ सप्टेंबर, रविवार

मंडळाची सगळी मंडळी आली. गंगापूर रोडवरून गाड्या भरभरून. मी सगळी फ्रेम उघडी करून ठेवली होती, कुठे काय बदललं ते खडूनं लिहून. एकानं विचारलं, हे खडूचं कशासाठी? सांगायला लागलो तोवर तो रंगनाथकडे वळला.

रंगनाथ सीटवर बसून गोष्टी सांगत होता. पुराच्या वर्षी गाडी पुलावर थांबवली, एक बाळंतीण सिव्हिलपर्यंत पोचवली, असं काहीबाही. पोरी त्याच्या पाया पडत होत्या. निकितानं त्याचा व्हिडिओ टाकला. सायंकाळपर्यंत हजारो लोकांनी बघितला. त्यात मी आहे. वेल्डिंग करताना, मागे, पाठमोरा.

जाताना निकिता म्हणाली, दसऱ्याला रंगनाथकाकाच चालवतील, किती गोड ना! मी म्हटलं, गोड आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

ड्रायव्हरची सीट काढली. काढायचीच होती. कारखान्याची गादी कधीच गेलेली, त्या जागी कुसाबाईंनी गोधडी आणि गोणपाट शिवून भरलेली. मधे त्याच्या बुडाचा खड्डा. असल्या गादीला ‘मूळ’ म्हणतात का? काथ्या, फोम, हिरवं रेक्झिन घेऊन नवी बांधली. माप माझ्या पाठीचं घेतलं, कारण हाताशी पाठ माझीच होती. खाली नाव ठोकलं.

जुनी गादी शेडमागे भंगारात टाकली. टाकताना मधला खड्डा गरम लागला. ऊन असेल. पण ती सकाळपासून सावलीत होती.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

रंगनाथ काठी टेकत आला. परवा दुपारी वावरात उभ्या उभ्या पाठ धरली, तेव्हापासून सरळ होता येत नाही. वय झालं, दुसरं काय. चढून नव्या गादीवर बसायला गेला आणि लगेच उतरला. म्हणाला, वळखत नाय ती मला.

मला बरं वाटलं. लिहून ठेवतो, कारण मी रोजनिशीत खोटं लिहीत नाही.

जुनी गादी भंगारात दिसत नाही. कुत्र्यांनी ओढली असेल.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

उजव्या बाजूचा आरसा काढला. कोपऱ्यात तडकलेला, दांडा तारेनं बांधलेला. त्याच आरशात रंगनाथनं उजवी बाजू इतकी वर्षं बघितली, याची मंडळींना कोण अपूर्वाई! नवा दांडा वाकवला, नवी काच, आत नाव.

जुना आरसा भंगारात उताणा पडला. त्यावर पाणी दिसलं म्हणून पुसला. पुन्हा ओला. कडेनं भरून येत होता आणि एका कोपऱ्यातून ओघळत होता. पाऊस नव्हता.

मी तो पालथा घातला.

२४ सप्टेंबर, बुधवार

कुसाबाई सांगत होत्या. सोमवारी घट बसवताना रंगनाथच्या उजव्या डोळ्यापुढे दूध सांडल्यासारखं झालं. तालुक्याच्या डॉक्टरांना डोळ्यात काही सापडत नाही. त्या बोलत होत्या माझ्याशी, बघत होत्या माझ्या नव्या आरशाकडे.

पाठ. गादी. डोळा. आरसा.

मी शिकलेला नाही, पण मला जुळणी कळते. आयुष्यभर तेच केलं.

शेडमागे गेलो. आरसाही नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

रंगनाथनं स्वतःच्या हौसेनं खिडकीशी रबरी भोंगा बसवला होता. वळणावर पोंऽ करायचा, पोरं रस्त्यावरून ओरडायची. आज निकिताचा फोन. म्हणाली, दसऱ्याला काका तो भोंगा वाजवतील तो व्हिडिओ काय चालेल बघा. मी म्हटलं, त्यांना धड दिसत नाही. ती म्हणाली, नुसतं सीटवर बसवू हो, चालवायला दुसरं कुणी बघू.

दुसरं कुणी. मी इथे आहे, फोनवर आहे, आणि दुसरं कुणी.

भोंगा मूळ गाडीचा नव्हताच. काढणं कामाच्या नियमात बसतं. पण नियमासाठी काढला नाही. खात्री करायला काढला. रबर दाबलं गेलं तेव्हा पोंऽ झालं नाही, माणसाच्या घशातून निघते तशी घरघर झाली. मी काढला. त्या जागी विजेचा हॉर्न, माझा, नाव ठोकून.

उन्हं कलायच्या आत कुसाबाई कुंपणाशी धावत आल्या. रंगनाथची वाचा गेली. तोंड उघडतो, आवाज नाही.

मी म्हटलं, अरेरे.

२८ सप्टेंबर, रविवार

सगळे आले. रंगनाथला खुर्चीवर बसवून आणलं. वाकलेला, एका डोळ्यानं बघणारा, मुका. वाटलं होतं आता तरी माझ्याकडे बघतील. तर उलट. रडत होते त्याच्यासाठी! निकितानं त्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. चाकाचं काळं झिजून दोन ठिकाणी पांढरं पडलं आहे, बरोबर त्याच्या पंज्यांच्या मापाचं. हात ठेवल्याबरोबर, चावी न लावता, गाडीच्या अंगातून हलकी थरथर गेली. मी तळावर उभा होतो. मला कळली. त्याला कळली. तो हसला.

माझ्या हाताखाली ती कधी अशी—

इतकं केलं मी तिच्यासाठी.

२९ सप्टेंबर, सोमवार

चाक काढलं.

झिजल्या जागी घाम होता. कोमट. पुसून पुन्हा यायचा. नट सुटेना, तेव्हा पाइप लावून सोडवला. कुंपणापलीकडून कुसाबाईंची हाक ऐकू आली, मग भांडं पडल्याचा आवाज.

नवं चाक तयारच होतं. लोखंडी कडं, वर काळं फायबर, माझ्या मुठीचं माप. नाव.

नंतर केबिनमधून बघितलं, कुसाबाई शेडमागून जात होत्या. पदराखाली गोल काहीतरी. नेऊ दे. पुजू दे.

३० सप्टेंबर, मंगळवार

सुरू झाली. पहिल्या सेल्फला. माझ्या हाताखाली!

शेडबाहेर काढून दिंडोरी रस्त्यावर थोडी फिरवून आणली. गादीत पाठ अशी बसली की गादी कुठे संपते कळेना. आरशात मागचा रस्ता डोळ्यात असल्यासारखा. हॉर्न दिला तर घसा मोकळा झाल्यासारखा वाटला. निकिताला व्हिडिओ पाठवला. तिचं उत्तर: वा काका! उद्या येतो, कुसाबाईंनी काहीतरी दाखवायला बोलावलं आहे.

उतरायला जरा वेळ लागला. पाठ गादीपासून सुटायला.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

पान्हे, पंच, वेल्डिंगचा सेट, सगळं पुसून मांडलं, हळद-कुंकू वाहिलं. आजच्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. माझ्या वडिलांपासूनची रीत.

दुपारी सगळे आले. कुसाबाईंनी गोधडीचं गाठोडं सोडलं. गादी. आरसा. भोंगा. चाक. सगळं पुसून ठेवलेलं. निकिताच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, आपण चुकलो, कारखान्यातली गाडी कुणालाच आठवत नाही, काकांची आठवते. हेच परत बसवायचं. मी म्हटलं, हे मूळ नाही. ती म्हणाली, हेच मूळ.

मी सांगितलं, आज हत्यार चालत नाही. कुसाबाई म्हणाल्या, गादी तर नुसती ठेवायची हाय ना मिस्तरी, त्याला काय हत्यार.

माझी उचलली. बाहेर टाकली. त्यांची ठेवली.

मी उभा होतो तिथेच बसलो. कमरेतून काहीतरी निसटल्यासारखं. सरळ होता येत नाही. तिकडे खुर्चीतून रंगनाथ उठला. उभा राहिला. टाळ्या.

ओरडलो, हॉर्नला हात लावू नका. निकिता म्हणाली, अहो काका, तुमचं कामही ग्रेटच आहे, असं काय! हॉर्नची तार हातानंच निघते. मीच तशी ठेवली होती, कुणालाही काढता यावी म्हणून. निघाली, आणि भोंगा जागेवर आला.

त्यानंतर मी ओरडलो ते मलाच ऐकू आलं नाही.

रंगनाथ म्हणाला, ‘बाई.’ सगळे रडले.

आरसा आणि चाक उद्या. त्यांना पान्हा लागतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

खाटेवरून उठता येत नाही. काचेतून दिसतं. झेंडूच्या टोपल्या. माळा. सकाळचं ऊन. भंगारवाल्याचा टेम्पो उभा आहे, माझी गादी आणि हॉर्न त्यात. रंगनाथचं कुसाबाईंनी जपलं. माझं कोण—

निकिता चहा घेऊन आली. कागदावर लिहून दाखवलं: चाक काढू नका. तिनं वाचलं. हसली. काका, रुसू नका हो, तुमचं नाव बोर्डावर घालतोय. चाक तुम्हालाच भेट देऊ.

खरं कारण लिहायचं तर रंगनाथचंही लिहावं लागेल. मला कळल्यावरही मी भोंगा काढला. चाक काढलं. ते लिहिलं नाही. तिच्यापुढे नाही.

ती गेली.

आरसा निघाला. उजवीकडे पांढरं. ओळ वाकडी जाते आहे.

कुसाबाई आल्या. एकट्या. त्यांना सगळं ठाऊक आहे. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, ‘माझ्या माणसाला तर हातबी जोडता येत नाहीत, मिस्तरी. घास भरविते मी.’ मग म्हणाल्या, निकिताला एक बार काय केलंत ते सांगा, मी थांबविते समद्यांना. माझ्या तोंडचं कोण मानंल? तुमच्या हातचं लागंल.

दारात उभ्या आहेत. वाट बघत.

लिहितो. निकितासाठी. हेच पान फाडून देतो—

पण हे वाचल्यावर ती पुन्हा कधी म्हणेल का, आधी का नाही भेट—

पाइप लावला. माझाच पाइप. रंगनाथ गादीवर, हात मांडीवर पडलेले, वाट बघतायत. गाडी थरथरते. इथवर, खाटेच्या पायातून—

लिहितो. निकिता, मला ठाऊक होतं. शुक्रवारी भोंगा मी मुद्दाम

करंगळी गेली. नट फिरतो आहे

चाक मीच, त्याचे हात जातील हे माहीत अस