कै. गोदाजी फायरमन यांनी हयातीत केलेले मृत्युपत्र

मी, गोदावरी नाथाजी साळुंखे, वय वर्षे ७९, राहणार कराड, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. शुद्धीत आहे हे मी नुसते म्हणत नाही. डॉ. मदिहा बागवान यांनी मला तासभर तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. दाखल्याची गरज का पडली ते कलम तीनमध्ये येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मागच्या दिवाळीत मुलगा एक कागद सहीसाठी घेऊन आला होता. मी तो वाचायला मागितला, तेव्हा परत घेऊन गेला.

१. कराडमधील माझे तीन खोल्यांचे घर मुलगी पल्लवी हिला द्यावे. ती सांगलीत शिक्षिका आहे. हे घर वडिलोपार्जित नाही आणि नवऱ्याचेही नाही. नाथाजी वारल्यावर मी सव्वीस वर्षे इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांची मेस चालवली, त्यातून ते उभे राहिले. ती मुले माझ्या हातची भाकरी खाऊन वहीत बॉयलरची गणिते सोडवायची. एकानेही मला बॉयलरबद्दल कधी विचारले नाही. असो. जेवायची मात्र पोटभर.

२. गावाकडच्या जमिनीतला माझा हिस्सा मुलगा जालिंदर यास द्यावा. शिवाय तो ज्या साखर कारखान्यात नोकरीला आहे, त्याच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका त्यास द्यावी, पान एकोणीस उघडून. तिथे माझ्या पतींचा आणि फेटा बांधलेल्या एकाचा, रुळावरून ऊस ओढायच्या वाफेच्या इंजिनाजवळचा फोटो आहे आणि खाली छापले आहे : ‘ड्रायव्हर कै. नाथाजी व फायरमन कै. गोदाजी.’

तो कै. गोदाजी मी आहे. १९७४ च्या हंगामात नाथाजींचा फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा, अर्ध्यातच फौजेत भरती झाला. बदली माणूस मिळेना आणि तोडलेला ऊस वाळायला लागला. नाथाजी म्हणाले, “तू चल. चुलीत घालतीस तसंच घालायचं.” तसे नव्हते. ते मला पहिल्या दिवशी कळले, त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. डोक्याला फेटा बांधून मी एक्क्याण्णव दिवस कोळसा मारला. हजेरीपुस्तकात बाईचे नाव चालेना, म्हणून कारकुनाने गोदाजी लिहिले. सगळ्यांना माहीत होते, आणि सगळ्यांनी न पाहिल्यासारखे केले. इतकी एकी त्या कारखान्यात पुन्हा कधी दिसली नाही.

३. कारखान्याचे चेअरमन यांना कपड्यांना घालायच्या निळीची एक बाटली द्यावी. कारण पुढीलप्रमाणे.

गेल्या जानेवारीत महोत्सवासाठी ते जुने इंजिन रंगवून पुन्हा पेटवले. काम कारखान्याचे मेकॅनिक वजीर मुल्ला यांना न देता बाहेरच्या ठेकेदाराला दिले. दोन माणसांच्या केबिनमध्ये सात जण चढले. चेअरमनसाहेबांनी ड्रायव्हरची टोपी घातली होती. आरतीचे ताट धरायला कै. नाथाजींची विधवा म्हणून मला वर घेतले.

फोटोसाठी इंजिन पुढे-मागे करत होते. माझी नजर सवयीने बॉयलरवरच्या काचेच्या नळीकडे गेली. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसते, आणि इंजिन हलले की नळीतले पाणीही हलते. ते हलत नव्हते. म्हणजे नळी चोंदली होती आणि आत पाणी किती उरले हे कोणालाच ठाऊक नव्हते. पाणी संपले आणि खाली जाळ राहिला, तर बॉयलर फुटतो. मग सात जणांचे फोटो वेगळ्या पानावर छापावे लागतात.

मी म्हणाले, “नळीतलं पाणी हलंना झालंय. आदी जाळ विझवा.”

ठेकेदाराचा माणूस हसला. चेअरमन म्हणाले, “आजी, तुमी ओवाळा. इंजिन बघाय माणसं हायत.”

जालिंदर खाली उभा होता. त्याने मला ओठांवर बोट ठेवून दाखवले. मी ताट खाली ठेवले, वाळूची लाल बादली उचलली आणि भट्टीत ओतली. दुसरी उचलवेना, म्हणून फावड्याने मारली. सगळा धूर केबिनमध्ये उलटला. साहेबांचा पांढरा पोशाख पांढरा राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी जालिंदरने कारखान्याला माफीपत्र दिले : ‘आईचे डोके ठिकाणावर राहिलेले नाही.’ मला न विचारता. त्याच महिन्यात तो हेडक्लार्क झाला.

वजीरने बॉयलर उघडून पाहिला. नळीचे तोंड गंजाच्या खपल्यांनी बंद होते आणि पाणी धोक्याच्या खुणेखाली गेले होते. त्याने तसा लेखी अहवाल दिला. तो वाचून जालिंदर माझ्याकडे आला. म्हणाला, “आई, तुझं बरोबर हुतं. पण चारचौघांत सांगायची ती रीत न्हवती.” मी विचारले, “बॉयलर कुठल्या रीतीनं फुटतो?” तो चहा न घेता गेला. त्या दिवशी मी जेवले नाही, हेही इथे लिहून ठेवते. नाहीतर म्हातारी फारच घट्ट होती असे वाटायचे.

त्याने या मृत्युपत्रास हरकत घेतल्यास माफीपत्र आणि अहवाल दोन्ही कोर्टापुढे शेजारी शेजारी ठेवावेत.

४. माझा तांब्याचा बंब वजीर मुल्ला यांस द्यावा. त्यांना मी काही देणे लागत नाही, पण द्यावासा वाटतो. सप्टेंबरात इंजिन दुरुस्त होऊन त्याची सरकारी तपासणी झाली, आणि वजीरचा फोन आला. “आवं मावशी, मंगळवारी दुपारी चाचणी हाय. येताय न्हवं?”

पल्लवी सांगलीहून आली. तिने पदर खोचून कोळसा टाकला. तिला जमत नव्हते, ते मी तिला दोनदाच सांगितले. नाथाजींनी मला वाफेच्या हँडलला कधी हात लावू दिला नव्हता. ते म्हणे ड्रायव्हरचे काम. वजीरने ते माझ्या हातात दिले. जड होते. मग इंजिन माझ्या हाताने हलले. फोटोवाला कोणी नव्हता. शेडपासून वजनकाट्यापर्यंत, आणि तिथून रूळ संपतो त्या बाभळीपर्यंत, मी ते नेले.

वजनकाट्यापाशीच वजीर म्हणाला होता, “बास मावशी, थांबवा.”

मला ऐकू आले होते.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली. अंमलबजावणी पल्लवीने करावी.

ठिकाण : कराड
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

(सही) गोदावरी नाथाजी साळुंखे

साक्षीदार :
१. (सही) डॉ. मदिहा बागवान, कराड
२. (सही) तात्याबा कृष्णा थोरात, निवृत्त मुख्याध्यापक, शेजारी