जिजामायला दिलेल्या गोळ्या

४ मार्च
सकाळी साड्यांचा गठ्ठा आला. टिकल्या चिकटवायच्या, डोळे फोडणारं काम. शेजारची भारती आणि मी दारातच बसलो. ती पाणी भरायला उठली तशी तिची सासू जिजामाय हळूच आत आली. गुडघे. "लई दुखस वं पोरी. भारतीले सांगू नको, ती म्हनस रोजनंच रडनं शे." माझ्या औषधांच्या डब्यातली सांधेदुखीची गोळी दिली. सकाळ-संध्याकाळ, जेवून. अमरोलीच्या दवाखान्यात तीन वर्षं पुड्या बांधल्यात, एवढं कळतं मला.

७ मार्च
जिजामाय आज जिना उतरून स्वतः भाजी घेऊन आली! "तुनी गोळी लागू पडनी." भारती सोडून अख्ख्या मजल्यावर सांगत फिरली. लगेच वरच्या मजल्यावरची एक सर्दीला काहीतरी दे म्हणून हजर. डॉक्टरीणबाई म्हणतात मला. ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला लिहू.

९ मार्च
डब्यातल्या संपल्या. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला रिकामी पट्टी दाखवली, त्याने मान वर न करता नवीन दिली. म्हाताऱ्या माणसाला चालते ना, विचारलं. "चाले बेन, बधाज लई जाय छे." सगळेच नेतात म्हणे. मग काय.

१३ मार्च
जिजामाय पांढरीफटक. चक्कर येते म्हणाली. पित्त असेल, पित्ताची गोळी दिली. जाताना दारात थांबून म्हणाली, शौचाला काळं होतंय. मी म्हटलं, मेथी खाल्लीत ना काल. हसली.

१६ मार्च
सकाळी आठला भारतीची किंकाळी. जिजामाय मोरीत पडलेली, उलटी चहाच्या चोथ्यासारखी. तिचा मुलगा रवी हजीऱ्याच्या कंपनीतून रात्रपाळी संपवून नुकताच आला होता, अंगावर कंपनीचे कपडे तसेच. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर. हात गार.
डॉक्टरांनी भराभर विचारलं. "कोई दर्द की गोली लेती थीं?"
रवी म्हणाला, "नहीं साहब. सिर्फ हार्ट की. स्टेंट डाला है."
रक्त पातळ करायची गोळी. ती चालू आहे हे मला माहीत होतं. पण गुडघा वेगळा, हृदय वेगळं, असंच मी...
तोंड उघडलं होतं. बोलले नाही.

१७ मार्च
रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या. पोटात आतून रक्त जातंय म्हणे, काळं होत होतं ते तेच. हे पलसाण्याच्या डाईंग मिलमधून आले, कापडाचा निळा रंग कोपरापर्यंत. सगळं सांगितलं. यांनी आधी दार लावलं. "सुनंदा, गप्प बस. म्हातारी गेली तर तुझ्यावर येईल."
"पण डॉक्टरांना माहीतच नसेल तर?"
"त्यांच्याकडे मशिनी आहेत. कळेल त्यांना."
दुपारी भारती कपडे न्यायला आली. "ताई, माय अजून नीट शुद्धीत नाही. डॉक्टर म्हणतात कशानं झालं समजत नाही. हार्टची गोळी बंद केलीये. बंद ठेवली तर स्टेंट तुंबेल, चालू केली तर परत रक्त जाईल." माझ्या हातून टिकल्यांची वाटी सांडली. ती घाईत असूनही खाली बसून माझ्या टिकल्या वेचू लागली. तेव्हाही सांगितलं नाही.

१८ मार्च
दवाखान्यात गेले. यांना न विचारता.
रवी-भारती बाकावर होते. त्यांच्यासमोरच डॉक्टरांना म्हटलं, गोली मैंने दी. बारा दिन, रोज दो. पट्टी पुढे केली. ओरडतील वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, शेवटची कधी, आणखी काय दिलं. लिहून घेतलं. दोन्ही गोळ्या एकत्र झाल्या की पोटात रक्त जातं, म्हणाले. "परसों बोलना था." बस, एवढंच.
नर्सने पट्टीवरची उभी लाल रेघ दाखवली. डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये, त्याची खूण. इतकी वर्षं मी ती कंपनीची नक्षी समजत होते. किती पट्ट्या गेल्या या हातातून.
रवी भिंतीकडे बघत उभा. भारती म्हणाली, "माझ्या घरातल्या माणसाला, मला न विचारता?"
जिजामायनीच सांगितलं होतं की तुला... गिळलं. आत पडलेल्या म्हातारीवर कशाला ढकलू.

२० मार्च
हार्टची गोळी आजपासून परत सुरू. कारण कळलं, गुडघ्याची गोळी थांबली, म्हणून धोका पत्करला, असं डॉक्टर म्हणाले. रवीने ते यांना सांगितलं, मला नाही. आता दोन दिवस बघायचं, रक्त जातं का.
हे जेवले नाहीत. भारतीच्या साड्यांचा गठ्ठा तिच्या दाराशी तसाच.
खालची एक आली, लेकराला ताप, गोळी दे. म्हटलं डॉक्टरांकडे ने. "तू असं म्हणतेस?" माझं तोंड बघत राहिली. तिला अजून कळलेलं नाही. उद्या कळेल.

२१ मार्च
काल शौचाला काळं झालं नाही म्हणे. आज अजून माहीत नाही.
आत्ता दुपारी रवीचा फोन. "वहिनी, माय तुम्हाला विचारतेय. सारखी." मागून भारतीचा आवाज, "नको, सांगितलं ना." फोन चालूच.
मी म्हटलं, येऊ का?
रवी हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही.
साडी बदलली आहे. तिथे भारती दारात उभी असेल. तिला काय सांगायचं, ठरलेलं नाही. तरी निघते.