झिलूची चांदमारी

पौष शुद्ध ९, शके १८३४

साहेब हसला म्हणे! माझ्या नातवाला, झिलूला, मिठाच्या नाक्यावरच्या सगळ्या शिपायांसमोर! पिस्तुलाच्या सहा गोळ्या मारल्या पोरानं, फळीला एक लागली न्हाई. एक तर वर आंब्यात गेली, कावळे उडाले. तर म्हणाला, कावळे हाकायला सरकार पगार देत न्हाई.

पोरगं जेवलं न्हाई. भाकरी तशीच. गिरजा, त्याची बायको, सातवा महिना हाय तिला, ती दारामागं उभी राहून रडली. मी न्हाई रडले. मला राग आला की मी लिहायला बसते. नाक्यावरचं टाकलेलं दप्तर झिलूनंच आणून दिलंय, मागची पानं कोरी हायत. खानापुरात बानं दोन बुकं शिकवली होती, ती अशी कामाला येतात.

गोष्ट अशी हाय. बाबुराव जमादार आता घरी बसणार. त्याच्या जागी शिमग्याआधी एकजण नेमायचा, चांदमारी घेऊन. झिलू न्हाईतर पुंडलिक. जो जिंकेल तो इथं घाटावर, क्यासलराकच्या नाक्याला जमादार, कमरेला पिस्तूल. जो हरेल तो खाली समुद्राकडं, मिठागरावर. माझा थोरला, झिलूचा बाप, तिथंच तापानं गेला. त्याची निस्ती घोंगडी आली परत. अजून एक घोंगडी मला नको.

पौष शुद्ध ११

आज अंगणात झिलूला म्हटलं, दाखव बघू साहेब कसं उभं राहायला सांगतो ते. हातात लाटणं दिलं.

आडवा उभा राहिला. उजवा खांदा पुढं, हात सरळ ताठ, डावा हात कमरेवर. बाई गं! कडेवर घागर घेतलेली सूनबाईच! मी हसले तर रुसला. "आज्जी, इंग्रज असाच मारतो. आडवं राहिलं की समोरच्याला आपलं अंग कमी दिसतं." म्हटलं, बाबा, समोर फळी हाय, फळी काय तुला गोळी मारणार हाय?

साहेबाचा दंड बघितलाय मी स्टेशनावर, केळीच्या खांबागत. त्याला पेलतं. झिलूचा हात म्हणजे शेवग्याची शेंग. दहा मोजेपर्यंत लाटणं थरथरायला लागलं. आणि पिस्तूल लाटण्याहून जड हाय म्हणे.

पौष वद्य २

बाबुराव जमादार आला होता. म्हणजे बांगड्याची आमटी खायला आला होता, झिलूचं निमित्त. बेळगावच्या पलटणीत होता तो. त्याची तऱ्हाच वेगळी. पाय फाकवून समोर छाती काढून उभा राहतो, कोपर पोटाशी, माशी बघतच न्हाई! पिस्तुलाच्या टोकाला बारका दाणा असतो नेम धरायला, त्याला माशी म्हणतात. "मावशे, बोट दाखवायला काय नेम धरावा लागतो? तशीच गोळी जाते." म्हटलं, जमादार, आजवर किती गेल्या तशा? तर म्हणतो, "गेल्या सगळ्या, लागल्या किती ते विचारू नका." आणि आमटी परत घेतली.

हसून झालं. मग एकटी बसले तर कडू वाटलं. झिलूचे आजोबा असते तर कुणाला विचारायला लागलं नसतं.

पौष वद्य ४

त्यांच्याबद्दल लिहितेच आता.

ठासणीची बंदूक होती त्यांच्याकडं. रानडुकरं भातात शिरायची, गावातली पाच घरं त्यांच्या बंदुकीवर पीक खायची. मी दारू भरून द्यायचे. एक साल त्यांना हिवताप भरला, डुकरं तर आलेली, तेव्हा मीच मारली. एकोणीस वर्षांची होते! मचाणाखालनं ते दात वाजवत सांगत होते — डुक्कर बघू नको. डुक्कर बघितलंस तर भिशील, हात हलेल. माशी बघ. माशी स्वच्छ दिसली पायजे, मागचं डुक्कर धुरकट झालं तरी होऊ दे. डोळ्याला एका वेळी एकच दिसतं, जवळचं न्हाईतर लांबचं.

तसंच केलं. एका गोळीत पडलं.

मग जंगल राखीव झालं. रान तोडून नाचणी पेरायची बंद, आणि बंदूक द्या म्हणाले. जंगलवाले आले, कागदावर अंगठा घेतला, घेऊन गेले. मालक त्यानंतर दोन साल जगले, पण हात मांडीवर ठेवून निस्ते बसायचे. डुकरांनी भात खाल्लं ते डोळ्यानं बघत. आणि आता तेच सरकार म्हणतंय, तुमच्या नातवाला नेम धरता येत न्हाई! कुठनं येणार? तुम्हीच नेलात की आमच्या घरातला.

पौष वद्य ९

परशू आला होता दुपारी. माझा धाकटा भाऊ, घाटाखाली गोव्याच्या हद्दीत राहतो. डोक्यावर मिठाची गोणी. तिकडं मीठ स्वस्त, इकडं सरकारचा कर. म्हणून तो रानातनं चोरवाटेनं येतो, चार घरांना देतो, आधी मला. शिपायाच्या आज्जीच्या गाडग्यात चोरटं मीठ! मला हसूच येतं. झिलूला ठाऊक न्हाई. त्याला वाटतं लोंढ्याच्या बाजाराचं. परशूला त्यानं लहानपणी बघितलं ते बघितलं. झिलू नाक्यावर असतानाच परशू येतो.

डोक्याला नुसता पंचा गुंडाळलेला, मधोमध केस गेलेत बिचाऱ्याचे. माझं लग्नातलं हिरवं लुगडं फाटलंय, ते फाडून चुंबळ करून दिली, तांबडा काठ वरनं फिरवला. आता डोळ्याला दिसत न्हाई, टाके उलटे पडले. "अक्का, राजाचा मुकुट झाला की गं!" घालून नाचून दाखवलं म्हाताऱ्यानं. साठीला आला.

म्हटलं, ओढ्याच्या वाटेनंच येत जा, भर दुपारी. शिपाई जेवायला जातात, तिथं कुणी नसतं. झिलूच बोलतो जेवताना. आता शिमगा झाला की येईन म्हणाला, गिरजाच्या बाळंतपणाला सुकी मोरी मासळी घेऊन. मोरीनं दूध येतं.

माघ शुद्ध ३

सापडलं! ताक करताना सापडलं!

रवीची दोरी — उजवा हात सोडतो, डावा ओढतो. दोन्हीकडनं ताण सारखा असला की रवी मधोमध उभी. एक हात ढिला पडला की डुगडुगते. मग पिस्तूल एका हातानं का धरायचं? झिलूला हाका मारल्या. पिस्तूल उजव्यात, डावा हात बाहेरनं त्याच्यावर. उजव्यानं पुढं ढकल, डाव्यानं मागं ओढ. डावा पाय पुढं, गुडघा थोडा सैल, उखळात मुसळ मारताना राहतो तसा. अंग किंचित पुढं.

शंभर मोजले. लाटणं हललं न्हाई!

"आज्जी, साहेब बायकी म्हणंल." म्हणू दे. बायकी म्हणजे काय, धड न्हाई होय? गावचं भात कुणी कांडलं?

माघ शुद्ध ८

बाबुरावानं रिकामं पिस्तूल आणलं, बांगडे खाऊन देतो ठेवून तासभर. नळीवर मी कवडी ठेवली. म्हटलं चाप ओढ, कवडी पडली न्हाई पायजे. पडली. परत. पडली. सारखी पडायची! हिसका मारतो पोरगा. म्हटलं, म्हशीचं आचळ हिसकतोस का रे? लाथ खाशील. बोटाच्या पेरानं हळू दाबत जा, कधी सुटली ते तुझं तुला कळता कामा नये. आणि श्वास — सुईत दोरा ओवताना कसा अर्धा सोडून थांबतेस गिरजे? तसा.

तेविसाव्या वेळी कवडी राहिली. गिरजानं टाळी वाजवली तशी पडली.

माघ शुद्ध १२

आज दहात नऊ वेळा कवडी जागेवर. नजर मात्र फळीकडं पळते त्याची. दटावलं. माशी बघ, माशी. पलीकडं काय हाय ते तुझं काम न्हाई.

माघ वद्य ५

साहेबानं बघितलं दोन हातांचं. बायकी म्हणालाच. सगळे हसले, पुंडलिकानं तर बांगड्या भरतोस का विचारलं. पण बाबुराव म्हणाला, साहेब, फळीला विचारू या. तर साहेब म्हणाला, बरं, उभं कसंही राहा, लागली पायजे.

पुंडलिक साहेबासारखा आडवा राहतो. कमरेवर हात. देखणा दिसतो म्हणे.

फाल्गुन शुद्ध २

जिंकला!! सहात पाच! पुंडलिकाच्या दोन. देखणेपणाच्या दोन!

साहेबानं फळी जवळ जाऊन बघितली. पाचही भोकं वाटीखाली झाकतील एवढ्यात. विचारलं, कुणी शिकवलं? झिलू म्हणाला, आज्जीनं. साहेब परत हसला, त्याला थट्टा वाटली. वाटू दे. पुंडलिक जाईल आता मिठागरावर. त्याची आई विहिरीवर माझ्याशी बोलली न्हाई. तिच्या घरात रडं आणि माझ्या घरात गूळ. मला वाईट वाटायला पायजे होतं. न्हाई वाटलं.

मालकांच्या खुंटीखाली दिवा लावला. बंदूक न्हाई, पण खुंटी हाय अजून.

फाल्गुन शुद्ध ४

काशी मासळीवाली आगगाडीनं वर आली होती. परशूच्याच गावची. तिच्याकडं निरोप धाडला — नातू जमादार झाला! पाचवेळा सांगितलं, ती कंटाळली. "व्हय गे बाय, कळलं, पाच गोळ्या!"

संध्याकाळी झिलू बोलला. ओढ्याची वाट उघडी पडते दुपारची, म्हणून आता तिथं त्याला ठेवलंय, एकट्याला. दोनदा हाक मारायची, थांबला न्हाई तर गोळी. माझ्या हातातली भाकरी तव्यावर करपली. काशी तर गेली. आणि गेली नसती तरी तिला वाटेचं कसं सांगू, तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. पण परशू शिमगा झाल्यावर येणार. अजून दहा-बारा दिवस हायत. पुढच्या खेपेला काशीला म्हणेन, अक्का आजारी हाय, गाडीनं ये. म्हणजे झालं. उगाच जीव घाबरा करते मी.

फाल्गुन शुद्ध १०

झिलूनं माणूस पाडला.

भर दुपारी, स्वच्छ ऊन. ओढ्यापलीकडं गोणीवाला. दोन हाका मारल्या, तो थांबला न्हाई, उलटा इकडंच यायला लागला, हात वर करून. पहिल्याच आठवड्यात जमादाराच्या अंगावर येतो म्हणजे काय? चाळीस पावलं. एक गोळी. दरडीवरनं खाली दाट रानात गेला, गोव्याच्या हद्दीत. तिकडं आपले शिपाई उतरत न्हाईत. गोणी इकडं राहिली, मीठ ओढ्यात ओतलं. साहेबानं पाठ थोपटली, हसला न्हाई यावेळी.

झिलू घरी आला. हात धुतले, परत धुतले. विचारलं, कोण होता रे? तोंड बघितलंस?

"न्हाई आज्जी. तूच म्हणालीस ना. माशी इतकी स्वच्छ दिसत होती! मागं नुसतं काहीतरी धुरकट हलत होतं."

म्हटलं, बरं केलंस. तुझं काम केलंस. पाठीवरनं हात फिरवला. कुणाचा तरी कोण असेल, पण पोटासाठी दोघंही उभे होते, त्यातला माझा परत आला. गोड भात केला. गिरजाला जाईना, मीच खाल्ला तिच्या वाटणीचा.

फाल्गुन शुद्ध १२

काशी आली. आजारी असल्याचा निरोप सांगायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "आता कसला निरोप गे बाय? परशू न्हाई पोचला? ऐकल्या ऐकल्या मोरी घेऊन निघाला की तो. शिमग्यापर्यंत कोण थांबतंय म्हणाला, जमादाराचं तोंड बघून येतो."

वाटेत कुणाकडं तरी राहिला असेल. परशूला सोयरे फार.

फाल्गुन शुद्ध १३

झिलूनं नाक्यावरनं गिरजाला चुंबळ आणली. "गोणीपाशी पडली होती, आज्जी. टाकवली न्हाई. पाण्याच्या घागरीखाली होईल हिला." हिरवी. तांबडा काठ. टाके उलटे.

गिरजानं डोक्यावर ठेवली, वर घागर घेतली, विहिरीवर गेली.

आमटीत मीठ घातलं न्हाई. झिलू म्हणाला, आज्जी, अळणी झालीय. म्हटलं, खा.