नावाआधीचा शब्द

कोपनहेगन, नोव्हेंबर १९१६

प्रिय लिओपोल्डिने,

सुटून आलेल्या आजारी युद्धकैद्यांच्या गाडीतून तुझा नवरा फर्डी आला नाही, याला तू शत्रूचा दुष्टपणा म्हणतेस. खरं काय ते ऐक.

इथे युद्धामुळे राजदूत एकमेकांशी बोलत नाहीत. आम्ही त्यांच्या बायका बोलतो, जखमींसाठी मोजे विणता विणता. शत्रूच्या राजदूताची बायको, मादाम वोलिन्स्काया, माझ्याकडून नावं घ्यायची आणि माणसं सुटायची. सुतार, गवळी, शिंपी, सगळे आले. त्या दिवशी ती पुटपुटली, “लवकर लिहा, शेवटचं नाव.” मी माझ्या कार्डामागे फर्डीचं नाव लिहून दिलं.

परवा ती माझ्यावरच उखडली. “बाईसाहेब, ‘काउंट’ कशाला लिहिलंत? साधा आजारी माणूस म्हणून सुटला असता. एवढा मोठा मासा आमचे लोक सोडतील होय?”

लिओ, सरदारकीचा किताब गाळून नाव लिहिणं म्हणजे अपमान, हे आईनेच शिकवलं ना आपल्याला? तिकडे तो रक्त ओकतोय आणि मी त्याचा मान राखला.

हे पत्र पाठवणारच होते. पाकिटावर तुझं नाव लिहायला घेतलं, तर आधी तोच शब्द उतरला: काउंटेस. ते पाकीट शेगडीत टाकलं आणि दुसऱ्यावर नुसतं तुझं नाव लिहिलं.

तुझी,
नुसती थेरेस